अल्ताजवळच्या हस्की केनेलवर एक हिवाळा नोकरी केली, त्याचा रिव्ह्यू (पाचपैकी चार स्टार)

आधीच सांगते, तासभर स्लेजमध्ये (कुत्री ओढतात ती बर्फावरची गाडी) बसून फोटो काढून आलेल्या पाहुणीचा हा रिव्ह्यू नाही. मी नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून मार्चच्या शेवटापर्यंत तिथे हँडलर म्हणजे कुत्र्यांची देखभाल करणारी म्हणून नोकरी केली. जागा म्हणजे नॉर्वेच्या अगदी वरचा भाग, फिन्मार्क, अल्ता शहरापासून गाडीने अर्धा तास आत. नवरा ओस्लोला नोकरीला आहे आणि माझ्याकडे फॅमिली परमिट आहे म्हणून हे जमलं. टुरिस्ट व्हिसावर असलं काम करता येत नाही, "पगार नाही पण राहणं-जेवण फुकट" असं कुणी म्हटलं तरी ते कामच धरलं जातं, तेव्हा आधी परमिटचं बघा मग स्वप्नं बघा. केनेलचं नाव देत नाहीये कारण पुढे एक तक्रार पण लिहिलीय आणि ती आता मिटलेली आहे.

तर कुत्री. एकूण ६४. आपल्याकडे हस्की म्हटलं की निळे डोळे आणि जाड केसांचा गोंडस कुत्रा डोळ्यासमोर येतो, तो सायबेरियन. इथले बहुतेक अलास्कन हस्की, म्हणजे कागदोपत्री ही ब्रीडच नाही, दिसणं बघून नाही तर धावणं, भूक आणि पाय बघून पिढ्यानपिढ्या जोड्या लावलेल्या. अंगाने सडपातळ, साधारण २० ते २५ किलो, कोणी तांबडा कोणी काळा कोणी ठिपक्यांचा, पहिल्या दिवशी मला तर आमच्या गावातलीच कुत्री वाटली. एका वेळी झालेल्या पिल्लांना एकाच थीमवरून नावं देतात, त्यामुळे आमच्याकडे कानेल, कार्देमॉमे आणि सफ्रान अशी तीन भावंडं होती, म्हणजे दालचिनी, वेलची आणि केशर. आईला फोनवर सांगितलं तर ती रोज विचारायची, आज वेलची जेवली का गं.

कामाचं खरं चित्र सांगते कारण जाहिरातीत ते कधीच नसतं. सकाळी सातला डोक्याला टॉर्च लावून बाहेर. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही, दुपारच्या सुमारास दोन-तीन तास निळसर उजेड येतो आणि जातो, बाकी सगळं टॉर्चवर. पहिलं काम पाणी पाजणं. थंडीत ही कुत्री नुसतं पाणी पीत नाहीत म्हणून कोमट पाण्यात मांस आणि थोडं कोरडं खाणं घालून पातळ सूप करायचं, प्रत्येकाच्या वाडग्यात ओतायचं आणि कोण प्यायलं कोण नाही हे लक्षात ठेवायचं, कारण जो प्यायला नाही तो आज धावणार नाही. मग ६४ जणांची शी उचलायची, फावडं आणि बादली घेऊन, थंडीत ती दगड होते तेव्हा काम सोपं आणि तापमान शून्याच्या आसपास आलं की अवघड. मग गोठलेल्या मांसाचे ठोकळे कुऱ्हाडीने फोडायचे. मी शाकाहारी घरातली आहे, पहिला आठवडा जड गेला, खोटं कशाला बोलू. पण लांब रेसमध्ये हे एकेक कुत्रं दिवसाला १०,००० कॅलरीच्या आसपास खातं, म्हणजे माझ्या कितीतरी पट, ते चरबी आणि मांसाशिवाय जमणारच नाही हे एकदा समजलं की हात आपोआप चालायला लागतात.

हे सगळं झालं की स्लेज. एका स्लेजला आठ कुत्री म्हणजे ३२ बुटी, पायात घालायच्या छोट्या कापडी पिशव्या, त्याचा वेल्क्रो ग्लोव्हज घालून नीट लागत नाही त्यामुळे उणे २५ मध्ये उघड्या बोटांनी. हार्नेस, म्हणजे स्लेज ओढायला अंगावर घालायचा पट्टा, दाखवला की सगळं आवार एका सुरात ओरडायला लागतं, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, प्रत्येकाला वाटतं मला न्या मला न्या. आणि स्लेज अडकवून ठेवलेला हुक काढला की पुढच्या क्षणाला संपूर्ण शांतता, फक्त बर्फावर स्लेजच्या खालच्या पट्ट्यांचा आवाज आणि ३२ पायांचा. हे मला शब्दात नीट सांगता येणार नाही, पण पाच महिन्यांत एकदाही त्या क्षणाची सवय झाली नाही.

माझे आजोबा वर्धा जिल्ह्यात शेती करायचे, दोन बैलजोड्या होत्या, त्यामुळे मी सारखी मनात तुलना करत होते. इथे कासरा नाही, वेसण नाही, चाबूक नाही. उजवीकडे वळायला "जी", डावीकडे "हॉ", एवढ्या दोन शब्दांवर सगळ्यात पुढची जोडी वळते आणि मागचे त्यांच्यामागे. पुढे डोकं चालणारे, अगदी मागे स्लेजजवळ ताकदवान, कोण कुणाशेजारी पळेल हे रोज सकाळी ठरतं कारण यांची पण भांडणं असतात. पहिला नियम असा की काही झालं तरी स्लेज सोडायची नाही, तुम्ही पडलात म्हणून ते थांबत नाहीत. नवव्या दिवशी एका वळणावर माझी स्लेज उलटली आणि मी हँडलबार धरून पोटावर बरीच लांब फरफटत गेले, खांदा आठवडाभर दुखला, पण हात सोडला नाही आणि आठही जण सुखरूप.

आता मुद्द्याचं, चार स्टार कशाला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आजोबा बैलांची खांदशेकणी करायचे, हळद आणि लोणी लावून खांदे शेकायचे आणि म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. ते वर्षातून एकदा. इथे प्रत्येक फेरीनंतर, कितीही उशीर झाला, कितीही थंडी असली तरी प्रत्येक कुत्र्याचे चारही पंजे हातात घेऊन बोटांच्या मधे टॉर्चने बघायचे, चीर असेल तिथे मलम लावायचं, मनगटं आणि खांदे दाबून बघायचे. आमची मालकीण पाहुण्यांचं जेवण थांबवायची पण हे नाही. पाहुणे बाहेर वाट बघत असताना तिने "आज ही लंगडतेय, हिला नेणार नाही" म्हणून टीम बदललेली मी चार-पाच वेळा बघितलीय. आणि म्हातारी कुत्री. तूवा नावाची १२ वर्षांची जुनी लीडर स्वयंपाकघरात चुलीजवळ झोपते, अजून सहा म्हातारे वेगळ्या आवारात मोकळे. मी तर म्हणेन कुठल्याही केनेलला जायच्या आधी, नोकरीला काय किंवा पाहुणे म्हणून काय, हा एकच प्रश्न विचारा की धावणं बंद झालेल्या कुत्र्यांचं तुम्ही काय करता. उत्तर द्यायला वेळ लागला तर जाऊ नका.

साखळीबद्दल सगळे विचारतात म्हणून लिहिते. दिवसातला बराच वेळ ती आपापल्या लाकडी खोपट्याजवळ साखळीला असतात, खाली फिरणारी कडी असते म्हणून गोल फिरता येतं, शेजाऱ्याला हुंगता येतं, आत गवताचा पेंढा. मला सुरुवातीला बघवत नव्हतं. रोज गटागटाने मोठ्या कुंपणात सोडायचो तेव्हा बरं वाटायचं, आणि अजूनही मला वाटतं की सोडण्याची ती वेळ वाढवायला हवी, मी तसं बोललेही.

गेलेला स्टार माणसांसाठी. कुत्र्यांची जेवढी काळजी तेवढी आमची नव्हती. नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा आम्ही सलग ११-११ तास काम केलं आणि पगारात ओव्हरटाइम दिसला नाही. नॉर्वेच्या कायद्याप्रमाणे त्यावर किमान ४० टक्के जास्त द्यावे लागतात, हे मला नवऱ्याने सांगितलं. मी तास रोज डायरीत लिहून ठेवले होते म्हणून मागता आले, फेब्रुवारीत मिळाले. पण माझ्याबरोबरच्या दोघी लाजून गप्प बसल्या होत्या, त्यांचे पण मीच विचारले. खोली तिघींत एक आणि ओले कपडे वाळवायला जागा नाही, बुटी वाळवायला मात्र स्वतंत्र खोली होती.

पाहुणे बाल्टो या प्रसिद्ध कुत्र्याचं विचारतात, सगळेच. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला तेव्हा औषध १,०८५ किलोमीटर कुत्र्यांच्या गाड्यांनी साडेपाच दिवसांत पोचवलं ती गोष्ट. शेवटचा टप्पा बाल्टोच्या टीमचा म्हणून पुतळा त्याचा, पण सगळ्यात लांब आणि धोक्याचा टप्पा तोगो नावाच्या दुसऱ्या कुत्र्याच्या टीमने केला. मला तिथे गेल्यावर कळलं की तोगोची टीम हाकणारा लेओनहार्ड सेप्पाला वाढला श्यार्व्योयला आणि बाल्टोची हाकणारा गुन्नार कासेन जन्मला बुरफ्योर्डला, दोन्ही गावं याच भागातली. मी ही गोष्ट पाहुण्यांना शेकोटीपाशी सांगायचे तेव्हा तोगोचं नाव आधी घ्यायचे.

मार्चमध्ये फिन्मार्क्सलोपे ही कुत्र्यांच्या स्लेजची रेस असते, अल्ताहूनच सुटते, १९८१ पासून चालू आहे, मोठी रेस १,२०० किलोमीटरची. आमची टीम ६०० किलोमीटरच्या गटात, आठ कुत्र्यांची. मी गाडीने मागे. वाटेतल्या कारासयोकच्या थांब्यावर व्हेटने सफ्रानचं मनगट दाबलं, ती किंचित मागे सरकली, तिथेच तिची रेस संपली, कुणी वाद घातला नाही. रात्रभर ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून गाडीत झोपली आणि पहाटे बाकीची टीम सुटताना त्यांचा आवाज ऐकून काचेला नाक लावून रडली.

जाणार असाल तर कपड्यांत आतले दोन थर लोकरीचे घ्या, कॉटन अजिबात नको, टॉर्चच्या बॅटऱ्या अंगाजवळच्या खिशात ठेवा नाहीतर थंडीत संपतात. मी या नोव्हेंबरला परत जातेय, त्याच केनेलवर. ओव्हरटाइमचं यावेळी करारात लेखी घेतलंय आणि कपडे वाळवायची खोली बांधून झाल्याचा फोटो मालकिणीने गेल्या आठवड्यात पाठवलाय, फोटोत दारात तूवा झोपलेली आहे.