सात पिशव्या कोरांटी: देशी झाडांच्या एका नर्सरीचा दीड वर्षाचा अनुभव

मागच्या वर्षी जूनच्या शेवटी पुण्यापासून तासाभरावरच्या एका देशी झाडांच्या नर्सरीतून कोरांटीची सात रोपं आणली होती. तेव्हाच लिहिणार होते, पण रोप नेलं आणि दुसऱ्या दिवशी पाच स्टार देऊन टाकले याला अर्थ नाही, झाड जगलं का, फुललं का आणि लेबलवर लिहिलं होतं तेच निघालं का हे कळायला दोन पावसाळे जावे लागतात. आता गेलेत, म्हणून लिहितेय. नर्सरीचं नाव देत नाही कारण खाली एक तक्रारही आहे आणि ती माणसं चांगली आहेत.

आधी हे सांगते की मला कोरांटीच का हवी होती. आजीच्या घरी कराडजवळ परसात गडग्याला लागून पिवळ्या कोरांटीची रांग होती, दिवाळीपासून ते पार संक्रांतीपर्यंत रोज परडीभर फुलं निघायची, काटे टोचायचे म्हणून आम्हा पोरांना खालची फुलं तोडायला पाठवायचे आणि आम्ही निम्मी फुलं देठाकडून चोखून मधाचा थेंब घेऊन टाकून द्यायचो. पुढे घर पाडलं, कोरांटी गेली. साताऱ्यात स्वतःचं रो-हाऊस झालं तेव्हा कंपाउंडच्या आत चाळीस फूट लांब पट्टा मिळाला आणि ठरवलं की इथे कोरांटीच लावायची. पण गावातल्या नेहमीच्या नर्सऱ्यांत विचारलं तर एकानं अबोली दाखवली (एकाच कुळातली आहे, पण कोरांटी नाही), दुसऱ्यानं लाल फुलांची एक आफ्रिकन जात दाखवली, तिसरा म्हणाला "ताई, ती जंगली, ती कोण ठेवणार". त्यामुळे एवढ्या लांब जावं लागलं.

नर्सरी नवरा-बायको मिळून चालवतात, मदतीला दोन माणसं. जागा फार मोठी नाही, साधी शेडनेट, पण कोरांटीसाठी वेगळा वाफा आहे आणि हेच मला सगळ्यात आवडलं. मी गेल्या गेल्या म्हटलं, "दादा, कोरांटी द्या", तर ते म्हणाले "कुठली?" आणि मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्या डोक्यात कोरांटी म्हणजे ती एक पिवळी, फार तर जांभळी. मग दादांनी अर्धा तास फिरवून दाखवलं.

बार्लेरिया हे कोरांटीचं शास्त्रीय नाव, सतराव्या शतकातल्या बारेलिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरू-वनस्पतीतज्ज्ञावरून पडलेलं. जगात सुमारे तीनशे जाती, त्यातल्या बऱ्याचशा आफ्रिकेत, पण आपल्या महाराष्ट्रातही डझनभर तरी आहेत आणि त्यातल्या काही सह्याद्री सोडून कुठे वाढत नाहीत. हे मला माहीतच नव्हतं. आपण सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळे होतो. जुन्या आयुर्वेदाच्या निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या कोशांमध्ये, निदान रंगावरून तरी वेगळं केलंय, पांढरी ती सैरेयक, पिवळी कुरंटक, तांबडी कुरबक, निळी ती बाण किंवा आर्तगल. पण रंगावर भरवसा ठेवला तर फसायला होतं हे दादांनी पहिल्याच वाफ्यावर दाखवलं, एका रोपाला जांभळी फुलं येतात, शेजारच्याला पांढऱ्यावर गुलाबी पट्ट्यांची, आणि दोन्ही एकच जात, बार्लेरिया क्रिस्टाटा. उलट त्याच्या पलीकडे जवळजवळ तसल्याच जांभळ्या फुलांचं झुडूप होतं ती अगदी वेगळी जात, प्रॅटेन्सिस.

मग ओळखायचं कसं? फुलाच्या बुडाशी बघायचं. कोरांटीच्या फुलाखाली चार हिरवी निदलं (फुलाचं बाहेरचं आवरण) दोन जोड्यांत असतात, बाहेरची जोडी मोठी, पानासारखी रुंद, आतली जोडी अगदी बारीक, बाहेरच्यांत झाकलेली. ही खूण दिसली की कोरांटी. आणि बाहेरची जोडी कशी आहे, कडेला दाते आहेत की नाहीत, टोक कसं आहे, लव आहे का, यावरून बऱ्याचदा जात लागते. क्रिस्टाटाच्या कडा करवतीसारख्या दातेरी आणि टोकदार, हाताला टोचतात, पण खोडाला काटे नसतात. आजीच्या पिवळ्या कोरांटीला, म्हणजे प्रायोनायटिसला, पानांच्या बगलेत तीन-चार सरळ पांढरट काटे, आणि फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार वरच्या बाजूला एकत्र आणि एक खाली एकटी. इतकी वर्षं मी ते फूल चोखलं पण ती एकटी पाकळी कधी नीट बघितली नव्हती. या दोन्ही जातींना स्वीडिश वनस्पतीतज्ज्ञ लिनियसनं १७५३ सालीच नावं दिलीत, म्हणजे जगाला माहीत असलेल्या सगळ्यात जुन्या कोरांट्यांपैकी या दोन, आणि आपल्याकडे तरी त्या मागून घ्याव्या लागतात.

मी काय काय घेतलं आणि कितीला ते सांगते, कारण भाव कोणी लिहीत नाही. प्रायोनायटिस दोन, ६० रुपयांप्रमाणे. क्रिस्टाटा दोन, एक जांभळी एक पट्ट्यापट्ट्यांची, ८० प्रमाणे. प्रॅटेन्सिस एक, १५०. गिब्सनी एक, २५०. आणि 'वज्रदंती' असं लेबल लावलेली एक पिशवी, ५० रुपये. एकूण ७३०.

अडीचशे रुपये एका हातभर रोपाला जास्त वाटले तेव्हा, खरं सांगते. पण गिब्सनी ही फक्त आपल्या पश्चिम घाटातली जात आहे, अलेक्झांडर गिब्सनच्या नावाची, जो पुण्याजवळच्या दापोडीच्या सरकारी बागेचा प्रमुख होता आणि १८४७ साली मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. म्हणजे ज्यानं इथल्या झाडांच्या नोंदी केल्या त्याच्या नावाची कोरांटी त्याच्याच मुलखात बागांत सहसा दिसत नाही, आणि ती मला एका पिशवीत मिळत होती. घेतलीच. पण घेण्याआधी एक प्रश्न विचारला आणि प्रत्येकानं देशी झाडं घेताना हा विचारावा असं मला मनापासून वाटतं: हे रोप कुठून आलं? डोंगरावरून उपटून आणलं असेल तर मला नको होतं. दादांनी शांतपणे मागे नेऊन मोठ्या कुंडीतलं मूळ झाड दाखवलं, त्याच्या छाट कलमांपासून रोपं करतात, आणि मूळ झाड रस्ता रुंदीकरणात जाणाऱ्या बांधावरून वाचवून आणलेलं. वहीत तारीख, गावाचं नाव, सगळं लिहिलेलं होतं. प्रॅटेन्सिस बियांवरची, तीही वहीत. हे असं मी दुसऱ्या कुठल्या नर्सरीत बघितलेलं नाही.

बियांवरून आठवलं, ताईंनी जे दाखवलं ते मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला करून दाखवते. कोरांटीचं वाळलेलं बोंड घ्यायचं आणि त्यावर दोन थेंब पाणी टाकून हातावर धरायचं. थोडा वेळ काहीच होत नाही आणि मग टक करून बोंड उभं चिरतं आणि बिया उडतात. आत बियांच्या खाली आकड्यासारखे छोटे दांडे असतात, ते बिया भिरकावतात. पावसाचं पाणी लागल्याशिवाय फुटायचं नाही, म्हणजे बी पडेल तेव्हा जमीन ओली असणारच. आणि बी पाण्यात टाकलं तर त्यावरची लव फुगून बुळबुळीत होते, मातीला चिकटते. पिवळीच्या बोंडात दोनच बिया, क्रिस्टाटाच्या बोंडात चार, हाही एक फरक. माझ्या भाच्यानं त्या दिवशी जवळजवळ सगळी बोंडं संपवली.

आता तक्रार. ती 'वज्रदंती'. आपल्याकडे वज्रदंती म्हणजे पिवळी कोरांटीच, दात दुखला की पानं चावायची तीच, म्हणून मला वाटलं प्रायोनायटिसचाच दुसरा प्रकार असेल. लावली, भराभर वाढली, आणि पहिली दिवाळी यायच्या आधी फुलं आली तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पानं अरुंद लांबट, मधली शीर लालसर, काटे जोडीनं आणि खाली वळलेले, फुलं पिवळीच पण एकावर एक खवले बसवल्यासारख्या कणसातून निघालेली. फोटो पाठवले. दोन आठवडे उत्तर नाही, मग मी फोन केला तेव्हा ताईंनी फोटो बघून लगेच मान्य केलं की ही ल्युप्युलिना आहे, मूळची मॉरिशसची, शोभेसाठी सगळीकडे विकतात, एका व्यापाऱ्याकडून आलेल्या मालात वज्रदंती म्हणून आली आणि तशीच लेबलसकट ठेवली गेली. पैसे परत करायला तयार होत्या, मी त्याऐवजी अजून एक प्रायोनायटिस घेतली. झाड वाईट नाही, कुंपणाला छान दाट होतं. पण मी देशी झाडांच्या नर्सरीत देशी म्हणून घेतलं होतं, आणि माझ्या जागी औषधाला पानं नेणारं कोणी असतं तर? एकच नाव दोन झाडांना लागलं की हा घोटाळा होतो, म्हणून लेबलवर मराठी नावाखाली शास्त्रीय नाव पाहिजेच. बाकी सहा पिशव्यांवर होतं, नेमकं याच पिशवीवर नव्हतं. नंतर गेले तेव्हा बघितलं, वाफ्यातल्या सगळ्या पाट्या बदलल्यात.

दुसरी छोटी तक्रार पिशव्यांची. माती फार भुसभुशीत, जवळजवळ सगळं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यामुळे पिशवी फाडताना मुळांचा गोळा सुटला आणि पट्ट्यांची क्रिस्टाटा आठ दिवस मान टाकून होती. जगली पण. घरी आणल्यावर पिशवीतच दोन-तीन दिवस सावलीत ठेवा आणि संध्याकाळी लावा.

दीड वर्षात कोण कसं वागलं ते सांगते, कारण खरा फरक तिथे कळला. प्रायोनायटिसला मी मुरमाड कोपरा दिला, खत जवळजवळ नाही, एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा पाणी, आणि ती कमरेपर्यंत आली, दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर जी फुलायला लागली ती अजून फुलतेय. क्रिस्टाटाला चांगली माती मानवली, पण पहिल्या वर्षी शेंडे खुडले नाहीत म्हणून उंच लोंबती झाली, फुलून गेली की अर्ध्यापर्यंत छाटा, पुढच्या वर्षी दाट होते. प्रॅटेन्सिसनं मला सगळ्यात शिकवलं. सह्याद्रीच्या उतारावरची ही जात, फादर सांतापाव यांनी नाव दिलेली, मुंबईच्या सेंट झेवियर्समधले ते स्पॅनिश जेझुइट वनस्पतीतज्ज्ञ. तिला मी बाकीच्यांसारखंच सपाट जागी लावलं आणि पहिल्याच जुलैत खालची पानं पिवळी पडली, पाणी साठत होतं. ताईंना विचारलं तर म्हणाल्या उतारावरचं झाड आहे, उंचवटा करून द्या. दगड-मुरूम घालून वीतभर उंच केलं आणि या ऑक्टोबरमध्ये जांभळी फुलली, सकाळी काळे भुंगे इतके की झुडूप हलत होतं. गिब्सनीला अजून फूल आलेलं नाही. पानं हाताला गुळगुळीत, झाड निरोगी, संथ वाढतंय, मी काही घाई करत नाही.

पिवळीची पानं सप्टेंबरमध्ये कुरतडलेली दिसली, बघितलं तर काळपट काटेरी सुरवंट, लेमन पॅन्सी फुलपाखराचे. कोरांटी हे त्यांच्या खाण्याच्या झाडांपैकी एक आहे. शेजारच्या काकू फवारणीचा पंप घेऊन आल्या होत्या, त्यांना थांबवलं, थोड्याच दिवसांत पानं परत आली आणि आता कंपाउंडवर ती डोळे-डोळे असलेली तपकिरी फुलपाखरं ऊन खात बसलेली असतात.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा त्या लेबलसाठी आणि दोन आठवडे उत्तर न दिल्यासाठी कापला. रोपांची तब्येत, माहिती, वहीतली नोंद, चूक कबूल करणं, या सगळ्यांत पूर्ण मार्क. जायचं असेल तर सकाळी लवकर जा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा म्हणजे फुलं बघून घेता येईल, आणि जून-जुलैत फक्त घ्यायला जा. ऑनलाइन पाठवतात पण काटेवाल्या कोरांट्या खोक्यात मोडतात, मैत्रिणीकडे दोन मोडून आल्या, तेव्हा स्वतः जाणंच बरं.

मी आता देवकोरांटीसाठी नाव लिहून ठेवलंय, लांब नळीची मोठी पांढरी फुलं येणारी, आपल्याच भागातली. दादा म्हणाले या वर्षी बी कमी धरलंय, सहाच रोपं झालीत, आधी दोन मोठ्या कुंडीत मूळ झाड म्हणून ठेवणार आणि मग यादीप्रमाणे देणार. यादीत माझा पाचवा नंबर आहे.