जुन्या 407 च्या बोनेटमध्ये एलईडी लाईट: हिवाळा, उन्हाळा अन पहिला पाऊस काढल्यावरचा अनुभव

पहिलेच सांगून टाकतो, हे डेकोरेशनसाठी केलेलं काम नाही. गाडी आपली जुनी टाटा 407, छोटा मालट्रक. संत्र्याचा आंबिया बहार तोडणीले आला की काटोल-नरखेड साईडच्या बगीच्यांतून संत्रा भरून रातोरात नागपूरच्या कळमना मार्केटले पोचावं लागते, अन बेल्ट, होज पाईप, डिझेलची गळती हे सगळं नेमकं अंधारातच पाहायची पाळी येते. मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून पाना फिरवणाऱ्यांना जास्त सांगायची गरज नाही. मागच्या सिझनला लाईट बसवले, मंग थंडी गेली, मे मधला 45 डिग्रीचा तडाखा गेला, आता मिरगाचा पाऊसही लागला, म्हटलं आता लिहायला हरकत नाही.

गाडीत आधीच्या मालकानं चिकटवलेली एक एलईडी पट्टी होती, अर्धी मेलेली अन अर्धी लुकलुक करत होती. सगळे म्हणतात चायना माल आहे, टिकणारच नाही. माल हलका असते हे खरं, पण पट्टी मरते ते व्होल्टेजमुळे. तिच्यात तीन-तीन एलईडीचे गट असतात, प्रत्येक गटाले रेझिस्टन्स, अन हा सगळा हिशोब 12 व्होल्टचा. गाडी स्टार्ट झाली की अल्टरनेटर 13.8 ते 14.4 देते. तीन पांढरे एलईडी मिळून साडेनऊच्या आसपास खातात, म्हणजे 12 वर रेझिस्टन्सच्या वाट्याला अडीच व्होल्ट येतात अन 14.4 वर जवळपास पाच, म्हणजे करंट दुपटीच्या घरात गेला! वरून इंजिनची गरमी. मंग ती मरणार नाही तं काय करणार.

म्हणून मी पट्टीच्या भानगडीत पडलोच नाही, छोटे सीलबंद बार घेतले ज्यावर 9 ते 30 व्होल्ट लिहिलेलं असते, आत त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं सर्किट, असते त्यामुळे व्होल्टेज वरखाली झालं तरी उजेड तेवढाच अन करंटही आवाक्यात. एक सहा वॅटचा, असे दोन. ज्याला पट्टीच पाहिजे त्यानं नागपुरात बर्डीवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एलएम2596 चा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा छोटा बोर्ड) घ्यावा अन 11 व्होल्टवर सेट करावा. बरोबर 12 वर सेट करून उपयोग नाही, कारण त्याले स्वतःले दीडेक व्होल्ट वरचे लागतात अन गाडी बंद असताना बॅटरीच 12.6 ची असते. बोर्डावर 3 अँपिअर छापलेलं असते पण त्या गरमीत एक-दीडच्या वर नेऊ नका. 5050 वाली 60 एलईडीची पट्टी मीटरमागे 14.4 वॅट म्हणजे 1.2 अँपिअर ओढते, हिशोब करून घ्या. कन्व्हर्टर केबिनमध्ये ठेवा, बोनेटमध्ये नको.

आता वायरिंग. वाडीतला इलेक्ट्रिशियन म्हणे, "भाऊ, हेडलाईटच्या वायरलेच टॅप मारून देतो, पाच मिनिटाचं काम आहे." मी म्हटलं नाही बाप्पा, जुन्या गाडीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, आधीच कडक झालेलं, त्याच्यावर अजून जॉइंट कायले? अन इंजिन पाहायला हेडलाईट चालू ठेवायची म्हणजे तेही वेगळंच. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून वेगळी दीड एमएमची मल्टिस्ट्रँड वायर ओढली, अन टर्मिनलपासून वीतभर अंतरावर 3 अँपिअरचा ब्लेड फ्यूज. हा फ्यूज लाईट वाचवायला नसते, वायर वाचवायला असते. तो दूर लाईटजवळ बसवला तर मधली सगळी वायर उघडी पडली, कुठं बॉडीले घासली की बॅटरी पूर्ण ताकदीनं तिच्यात उतरते अन आग लागायला तेवढं पुरे. घरची सिंगल तारेची वायर तर अजिबात वापरू नका, डिझेल इंजिनच्या थरथरीनं आतल्या आत तुटते. रिले (जास्त करंटसाठी लावतात तो वेगळा स्विच) लावला नाही, दोन्ही बार मिळून एकच अँपिअर लागते, त्याले रिले म्हणजे उगाच खर्च.

सगळ्यात जास्त वेळ गेला अर्थिंगमध्ये, म्हणजे लाईटची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीले जोडण्यात, अन तो जायलाच पाहिजे. पहिले एका रंगवलेल्या बोल्टले थिंबल (वायरच्या टोकाची कडी) लावलं अन मोजून पाहिलं. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हले, दुसरं लाईटच्या काळ्या वायरले, लाईट चालू ठेवून, तर 0.9 व्होल्ट! म्हणजे गंज अन रंगच मधात बसून खाऊन राहिले. मंग सॅंडपेपरनं पत्रा चकाकेपर्यंत घासला, दातेरी वायसर टाकला, थिंबल घट्ट कसलं अन वरून व्हॅसलीन चोपडलं. रीडिंग 0.05 वर आलं. 0.2 च्या वर येत असेल तर लाईट बदलत बसू नका, अर्थ पाहा. पहिल्या पावसानंतर परत मोजलं, तेवढंच आहे.

बोनेटच्या बिजागरीजवळ वायर ताणून ठेवायची नाही, एक सैल वळसा द्यायचा, नाहीतर बोनेट उघड-बंद होऊन होऊन तिथंच तुटते. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट टाकायचं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अन फॅन बेल्टपासून दूर, सगळी वायर काळ्या नालीदार पाइपात. जॉइंटवर काळी टेप मारून सोडू नका, एप्रिल-मेमध्ये तिचा डिंक वितळून वायरभर चिकटा होते, मी हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) वापरली अन ती उन्हाळाभर जशीच्या तशी राहिली.

लाईट कुठं लावायचे याच्यावर कोणीच बोलत नाही. बहुतेक जण बोनेटच्या मधोमध एक लावतात अन मंग वाकलं की आपल्याच डोक्याची सावली इंजिनवर पडते. मी दोन बाजूला एक-एक लावला, तोंड इंजिनकडे अन थोडं खाली. आता डिपस्टिकवरची खूण चष्म्याशिवाय दिसते. रंग 4000 केल्विनचा घेतला. 6500 वाला झगझगीत वाटते पण ओल्या पत्र्यावर नुसता चमकते, त्यात तेल कोणतं अन पाणी कोणतं ते समजत नाही.

चालू-बंद करायला बोनेटखाली दरवाज्यासारखा पिन स्विच, निगेटिव्ह साईडला. याच्याबद्दलच माझी तक्रार आहे. धूळ बसली की पिन अडकते अन बोनेट बंद असूनही लाईट चालू राहते, एक अँपिअरच्या हिशोबानं दहा तासांत दहा अँपिअर-अवर गेले, अन बॅटरी म्हातारी असेल तर सकाळी धक्का. म्हणून केबिनमध्ये अजून एक टॉगल स्विच टाकला, ज्यात छोटा लाल इंडिकेटर आहे. तो पहिलेच टाकून घ्या.

बारवर आयपी67 लिहिलं होतं. पाऊस, चिखल यात काही झालं नाही. पण आयपी67 म्हणजे अर्धा तास एक मीटर पाण्यात बुडालं तरी चालते एवढंच, प्रेशर मशीनच्या धारेची हमी त्यात नाही. वॉशिंगवाल्याले सांगून ठेवलं, बोनेटमध्ये पाइप लांबूनच मार. तरी एका बारच्या काचेत आता बारीक वाफ धरून राहिली, उजेड मात्र कमी नाही.

मोठ्या गाडीवाल्यांसाठी एक गोष्ट. सोळा-तेरा (1613) वगैरे 24 व्होल्टच्या गाड्या आहेत, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. बरेच जण गाण्याच्या टेपसाठी अन लाईटसाठी एकाच बॅटरीवरून 12 काढतात. त्यानं ती एक कमी चार्ज अन दुसरी जास्त चार्ज होत राहते अन दोन्ही लवकर जातात. 9 ते 30 वाले बार थेट 24 वर चालतात, किंवा मंग 24 ते 12 चा कन्व्हर्टर लावा.

फिटनेसले, जे आठ वर्षांच्या वरच्या गाडीचं दरवर्षी करावं लागते, कोणी काही विचारलं नाही, कारण बोनेट बंद असताना बाहेर काहीच दिसत नाही. जाळीतून चमकणारे लाल-निळे लावाल तर चौकात तुमचं तुम्ही पाहा. सामान सगळं मिळून दीड हजाराच्या आत आलं, त्यात बारपेक्षा वायर, पाइप, स्लीव्ह अन थिंबललेच जास्त लागले. आता बहार यायच्या आधी मागच्या डाल्यातही असाच एक बार टाकायचा आहे, वायर टाकताना तेवढी जास्तीची आतच सोडून ठेवली आहे.