परतीचं विमान, वरचा वर्ग आणि घोडबंदरचे कंटेनर

आमच्या कंपनीचा नियम ऐकून लोक हसतात. जर्मनीला जाताना इकॉनॉमी, येताना वरचा वर्ग. कारण सरळ आहे. आम्ही रविवारी पोचतो, सोमवारी सकाळी हॉटेलात अंघोळ-नाश्ता उरकून माणसासारखे कामाला लागतो. येताना मात्र रात्री उतरायचं आणि सकाळी साडेनऊला नवी मुंबईत महापेच्या ऑफिसात ऑडिटचा अहवाल घेऊन हजर व्हायचं. "तुला विमानातच झोपवतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुट्टी मागायला नको," असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. मी पुरवठादारांच्या कारखान्यांचं क्वालिटी ऑडिट करते. फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या अकरा महिन्यांत सहा वेळा परत आले: चारदा बिझनेसने, दोनदा प्रीमियम इकॉनॉमीने, म्हणजे बिझनेस आणि साध्या इकॉनॉमीच्या मधल्या वर्गाने. त्यातल्या एकदा प्रीमियम इकॉनॉमी मनाविरुद्ध वाट्याला आली, ते पुढे सांगते.

पहिल्या खेपेचा आनंद लपवणार नाही. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात पाय लांब करून बसले. सीटच्या बाजूची बटणं सगळी दाबून पाहिली, दोनदा पलंग केला, दोनदा खुर्ची केली. शेजारचा माणूस बूट काढून, चष्मा काढून, सराईतासारखा पांघरूण घेऊन मोकळा झाला, आणि मी फोटो काढत होते. घरी सासूबाईंना दाखवायचे होते ना.

पण झोप? झोप लागलीच नाही. तेव्हा वाटलं, नवलाईमुळे असेल. डिसेंबरमध्ये त्याच विमानाने, तशाच सीटवर पुन्हा जागी राहिले तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

फ्रँकफर्टहून मुंबईला थेट येणारं जे विमान आम्हाला मिळतं ते दुपारी जेवणाच्या सुमाराला सुटतं आणि इथे मध्यरात्रीनंतर उतरतं. प्रवास जवळजवळ आठ तासांचा. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. म्हणजे मुंबईत रात्रीचा एक वाजतो तेव्हा आठवडाभर तिकडे राहिलेल्या शरीराच्या हिशोबाने रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. घरी आपण साडेआठला काय करतो? भाजी फोडणीला टाकतो. अशा वेळी मऊ गादी दिली, दिवे मंद केले, उशीला सुगंध मारला, तरी डोळा लागायचा कसा? दिवसाच्या विमानात तो सपाट पलंग म्हणजे महागडा दिवाण. लोळायला उत्तम, झोपायला निरुपयोगी. आणि खरी गंमत घरी. पहाटे अडीचला पोचायचं, अंगात झोपेचा पत्ता नाही, छताकडे बघत साडेचार-पाच वाजवायचे आणि साताला गजर.

उलट जूनमध्ये काम संपवून लंडनहून आले. रात्री नऊच्या आसपास सुटणारं, नऊ तासांचं विमान. लाउंजमध्येच जेवून घेतलं, शॉवर घेतला, विमानात शिरल्याबरोबर "मला उठवू नका" सांगितलं आणि सलग साडेपाच तास मेल्यासारखी झोपले. उतरले तेव्हा सकाळचे अकरा. थेट महापे. त्या एका खेपेला साहेबांचा हिशोब अगदी बरोबर ठरला, आणि बिझनेसच्या तिकिटाला मी एका शब्दानेही नावं ठेवणार नाही.

एप्रिलमध्ये तिसरा प्रकार करून पाहिला. आखातातून येणारं बिझनेसचं तिकीट थेट विमानापेक्षा बरंच स्वस्त मिळत होतं, म्हणून ॲडमिन खूश. रात्री दहाला फ्रँकफर्ट सोडलं, सहा तासांत आखातात. कागदावर रात्रीचं विमान, पलंगही सपाट. पण उड्डाणानंतरचा गोंधळ संपेपर्यंत एक तास, उतरण्याआधी दीड तास नाश्त्यासाठी उठवणार. हातात राहिले तीन-साडेतीन तास. मग त्या झगमगीत विमानतळावर बॅग ओढत पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि पुढच्या तीन तासांच्या विमानात दोन-तीन-दोन अशी मांडणी. मी खिडकीशी. शेजारचे काका पाय पसरून घोरत होते, त्यांना ओलांडून बाहेर जायचं म्हणजे साडी नेसली असती तर फजितीच होती. बिझनेसचं तिकीट काढताना नुसतं "बिझनेस" बघू नका, सीटचा नकाशा बघा. एक-दोन-एक अशी मांडणी असेल तर प्रत्येकाला थेट वाट मिळते. त्यातही काही सीटवर पाय ठेवायची जागा पुढच्या सीटच्या बाजूखाली, बोळासारखी अरुंद असते. सगळ्यात पुढच्या रांगेत ती बहुधा रुंद मिळते. आणि पँट्रीजवळची रांग घेऊच नका. रात्रभर कपाटांचा खडखडाट आणि पडद्याच्या फटीतून येणारा उजेड.

आता ऑगस्टचा किस्सा. बिझनेसचं पक्कं तिकीट, विमानतळावर पोचले तर काउंटरवरची बाई म्हणाली, विमान बदललंय, सीट कमी पडताहेत, तुम्हाला प्रीमियम इकॉनॉमीत बसावं लागेल. विमान कंपनीचं नाव घेत नाही. वर एक जेवणाचं कूपन पुढे केलं, जणू उपकार. माझ्या सुदैवाने रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गुजराती व्यापाऱ्याने कानात सांगितलं, "बेन, कागद मागा." युरोपातून निघणाऱ्या विमानांना तिथला २००४ चा नियम २६१ लागू असतो. खालच्या वर्गात बसवलं तर त्या टप्प्याच्या भाड्याचा काही भाग परत द्यावा लागतो, आणि अंतर ३,५०० किलोमीटरहून जास्त असलं की तो ७५ टक्के होतो. मुंबई त्यात आरामात बसते. आपल्याकडच्या विमान वाहतुकीच्या नियामकाने, म्हणजे डीजीसीएनेही फेब्रुवारी २०२३ पासून असाच नियम केला आहे: देशांतर्गत प्रवासात ७५ टक्के, आंतरराष्ट्रीय प्रवासात अंतरानुसार ३०, ५० किंवा ७५. मी वर्ग बदलल्याचं लेखी घेतलं, घरी आल्यावर अर्ज केला, तीन स्मरणपत्रं पाठवली आणि पैसे आले. कंपनीच्या खात्यात. तिकीट त्यांनी काढलं होतं ना! सीट माझी गेली, भरपाई अकाउंट्सला. वर अकाउंट्सवाला मला विचारतो, "मॅडम, असं दर वेळी जमेल का?"

पण या अपमानातून एक गोष्ट कळली. दुपारच्या त्या विमानात प्रीमियम इकॉनॉमीत मी बिझनेसइतकीच आरामात होते. अगदी थोडं कमी म्हणा. मागच्या आणि पुढच्या सीटमधलं अंतर साध्या इकॉनॉमीत ३१-३२ इंच, इथे ३८च्या आसपास. सीट रुंद, मागे जास्त कलते, पोटऱ्यांना किंवा पायांना टेकू असतो, आणि शेजाऱ्याशी कोपराची लढाई नाही. लॅपटॉप उघडून अहवाल लिहिला. बिझनेसमध्ये मी हाच अहवाल गादीवर मांडी घालून लिहिला होता, तेवढाच फरक. चार तास काम, दोन सिनेमे, थोडी डुलकी. जागंच राहायचं असेल तर खुर्ची पुरते.

ऑक्टोबरमध्ये म्हणून मुद्दाम प्रीमियम इकॉनॉमी मागितली, आणि चूक केली. पाय पसरता येतील या लोभाने पहिली रांग घेतली. पहिल्या रांगेत समोर भिंत, भिंतीला तान्ह्या बाळाचा पाळणा. बाळ गोड होतं, आवाजही खणखणीत होता. त्यातून पहिल्या रांगेत टेबल आणि स्क्रीन दोन्ही हाताच्या दांड्यात घडी करून ठेवलेले, त्यामुळे दांडा वर होत नाही आणि सीट तेवढीच अरुंद. खालची पर्सही उड्डाणाच्या वेळी वर ठेवायला लावतात. दुसरी किंवा तिसरी रांग घ्या, खिडकीची.

जेवणाबद्दल सासूबाई दर वेळी विचारतात, म्हणून लिहिते. बिझनेसमध्ये चिनी मातीची ताटली, कापडी रुमाल, तीन टप्प्यांत जेवण. प्रीमियम इकॉनॉमीत काही ठिकाणी काचेचा ग्लास आणि थोडं बरं अन्न, काही ठिकाणी मागच्या केबिनचंच ताट. पण आमटी कुठेही पाणचटच लागते आणि दोष फक्त आचाऱ्याचा नाही. लुफ्तान्साने जर्मनीतल्याच फ्राउनहोफर संस्थेकडून हे तपासून घेतलं होतं. कमी दाबाच्या, कोरड्या हवेत मीठ आणि साखर जिभेला कमी जाणवतात. टोमॅटोचा रस जमिनीवर ज्याला आवडत नाही तो वर आवडीने पितो, ते यामुळेच. बहुतेक विमानांत आतली हवा ८,००० फुटांवर असल्यासारखी ठेवलेली असते, बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० मध्ये सुमारे ६,००० फुटांवर असल्यासारखी. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे चांगल्यातल्या चांगल्या विमानातही तुम्ही महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकाहून वर बसून वरणभात खाताय. आणि ही हवा सगळ्या वर्गांना सारखीच. म्हणून मी पर्समध्ये शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवते. लसणाची नाही, बंद केबिनमध्ये लसूण उघडला तर युरोप आपल्याशी करार मोडेल. हिंदू शाकाहारी जेवण किमान २४ तास आधी सांगून ठेवा. मागच्या केबिनमध्ये अशी खास ताटं सगळ्यांआधी येतात, हा एक छुपा फायदा.

बाकी मानपान चटकन उरकते. लाउंज: शॉवर असेल तर सोनं, नाहीतर गर्दीचं उडुपी. प्रायोरिटीचा टॅग लावलेली बॅग सहापैकी तीनदा आधी आली, दोनदा मध्ये, एकदा सगळ्यांत शेवटी. मुंबईत इमिग्रेशनच्या रांगेत तुमच्या तिकिटापेक्षा सरकारची फास्ट ट्रॅक योजना जास्त कामाची. मुंबईत ती १६ जानेवारी २०२५ ला सुरू झाली, नोंदणी फुकट आहे, बोटांचे ठसे आणि चेहरा एकदा दिला की ई-गेटमधून निघायचं. माझ्या पुढे बिझनेसमधून उतरलेले लोक साध्या रांगेत उभे होते आणि मी निघून गेले, तेव्हा जो आनंद झाला तो पलंगाने दिला नव्हता. स्वतःच्या खिशातून तिकीट काढणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून वरच्या वर्गांवर जीएसटी १२ चा १८ टक्के झाला आहे, इकॉनॉमीवर ५ च आहे.

आणि मग शेवटचा टप्पा, जो कुठल्याच विमान कंपनीच्या जाहिरातीत नसतो. मी राहते ठाण्यात, घोडबंदर रोडवर मानपाड्याला. सहारच्या विमानतळाहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, पूर्व द्रुतगती मार्ग, मुलुंडचा नाका. रात्री दीडला टॅक्सी सुसाट येते, ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना तिथे टोलही नाही. तीन हात नाक्यापर्यंत वाटतं, आलंच घर. माजिवडा आलं की समोर कंटेनर. दिवसा अवजड गाड्यांना अडवून ठेवतात, त्या सगळ्या रात्री सोडतात; न्हावा शेव्याहून गुजरातकडे जाणारी ती सगळी माळ घोडबंदर रोडवर, त्यात मेट्रोचे खांब आणि खड्डे. डिसेंबरच्या त्या रात्री कापूरबावडीला पन्नास मिनिटं उभी होते. पाच तासांपूर्वी ज्या बाईला गरम रुमाल चिमट्याने दिला गेला होता, ती आता धुरात खिडकी बंद करून बसली होती. ड्रायव्हर म्हणाला, "ताई, उतरून चालत गेलात तर लवकर पोचाल." खोटं नव्हतं.

नेरुळची माझी सहकारी या बाबतीत आशेवर आहे. २५ डिसेंबर २०२५ ला उलव्याजवळच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाली, सुरुवात देशांतर्गत विमानांनी. "फ्रँकफर्टचं विमान इथे उतरू दे, मग मी इकॉनॉमीत मधल्या सीटवरही येईन," म्हणते. तिला वीस मिनिटांत घर. मला तिथून ठाण्याला यायचं तर पुन्हा तोच हिशोब.

तेव्हा दुपारच्या विमानाला बिझनेस नको, रात्रीच्या नऊ तासांच्या विमानाला जरूर घ्या, आणि मध्ये तुटणारा प्रवास असेल तर पलंगाच्या नावाला भुलू नका. माझ्या पाहण्यात बिझनेसचं भाडं प्रीमियम इकॉनॉमीच्या दुपटीच्या खाली क्वचितच आलं.

हे सगळं मी जानेवारीत साहेबांसमोर मांडलं. म्हटलं, मला बिझनेस नको. प्रीमियम इकॉनॉमी द्या, फरक कंपनीने ठेवावा, आणि उतरल्या दिवशी मी ऑफिसला दुपारी दोनला येईन. सकाळी माझ्या पलंगावर, माझ्या उशीवर झोपेन. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोन नाही, एक." मी म्हटलं, "दीड." मार्चचं तिकीट कालच आलं: दुपारचं विमान, प्रीमियम इकॉनॉमी, तिसरी रांग, खिडकी. खाली ॲडमिनने लिहिलंय, "रिपोर्टिंग १:३०, फक्त या वेळेपुरतं."