सायबरवेअरचे घरचे नियम: आठ महिने खेळल्यानंतर

पाच जणांच्या टेबलावर गेले आठ महिने मी ‘सायबरपंक रेड’ हा रोल-प्लेइंग गेम चालवतोय. प्रत्येक प्लेयर एक कॅरेक्टर खेळतो आणि मी जीएम, म्हणजे खेळ चालवणारा. पहिले दोन महिने पुस्तकात आहे तसंच खेळलो, पुढचे सहा सायबरवेअरच्या, म्हणजे अंगात बसवायच्या यंत्रांच्या, आमच्या घरच्या (स्वतः बनवलेल्या) नियमांनी. आता मी पुस्तकातल्या नियमावर परत जाणार नाही.

मूळ हिशोब असा. एम्पथी म्हणजे कॅरेक्टरची माणसांशी जोडून घेण्याची क्षमता, ह्युमॅनिटी म्हणजे उरलेलं माणूसपण. तुमच्या एम्पथीच्या दहापट ह्युमॅनिटी. एम्पथी 6, तर ह्युमॅनिटी 60. अंगात काही बसवलं की ह्युमॅनिटीतून वजावट होते आणि आकडा खालच्या दशकात गेला (जसं 50 वरून 49) की एम्पथी एकाने उतरते. एम्पथी शून्याखाली गेली की सायबरसायकोसिस, म्हणजे यंत्रांपायी भान सुटणं, आणि कॅरेक्टर जीएमच्या हातात. वाचायला हे जबरदस्त आहे. टेबलावर मात्र त्याचा जमाखर्च झाला. ‘53 वर आहे, म्हणजे अजून 3 गेले तरी एम्पथी तीच’, अशी गणितं सगळे करायला लागले. माणूसपण हरवतंय असं कुणालाच वाटत नव्हतं.

त्यात फाशांचा घोळ. कॅरेक्टर बनवताना वजावटीचा आकडा ठरलेला असतो, पण खेळ सुरू झाल्यावर फासे टाकायचे. आमच्या सोलोने (लढणारं कॅरेक्टर) केरेन्झिकोव हे प्रतिक्रिया वेगवान करणारं यंत्र बसवलं, 4 फाशांवर 22 पडले आणि तो 53 वरून थेट 31 वर आला. एम्पथी 5 ची 3. कथेत काहीच घडलं नव्हतं, नुसते फासे वाईट पडले. हा बदल सर्वांत सोपा होता: फासे नाहीत, छापलेला आकडाच धरायचा. सोलोचीही वजावट 14 करून त्याला 39 वर आणलं.

खरा फरक पडला तो दुसऱ्या नियमाने. दर दशक ओलांडलं की प्लेयरने आपल्या लाइफपाथमधलं, म्हणजे सुरुवातीला ठरवलेल्या कॅरेक्टरच्या पूर्वायुष्यातलं, एक नातं तोडायचं. कुठलं, ते त्यानेच ठरवायचं, आणि का तुटलं ते दोन वाक्यांत टेबलावर सांगायचं. लाइफपाथमध्ये फाशांवर कुणाला दोन मित्र मिळतात, कुणाला एकही नाही, म्हणून प्रत्येकाने निदान तीन नावं लिहायचीच असं ठरवलं.

आमच्या टेकची (यंत्रं बनवणारं-दुरुस्त करणारं कॅरेक्टर) ह्युमॅनिटी 43 होती. सायबरआय, म्हणजे कृत्रिम डोळा, बसवला, 7 गेले, 36 उरले. तिच्या प्लेयरने शीट (कॅरेक्टरच्या नोंदींचा कागद) पुढे ओढली आणि बराच वेळ तिन्ही नावांकडे बघत बसली. शेवटी मोठ्या बहिणीच्या नावावर आडवी रेघ मारली. खोडलं नाही, नाव खाली वाचता येत होतं. म्हणाली, ‘ती बोलत असते तेव्हा मी तिच्या चेहऱ्यावर झूम करून बसते. तिला ते कळलंय.’ टेबलावर कुणी बोललं नाही. पुढच्या सेशनला बहिणीचा कॉल आला आणि तिने तो उचलला नाही. जुन्या नियमात हे सगळं ‘वजा 7’ एवढंच राहिलं असतं.

थेरपीही त्यालाच जोडली. पुस्तकात 500 युरोबक्स (खेळातलं चलन) आणि एक आठवडा दिला की 2 फाशांइतकी ह्युमॅनिटी परत येते. आमच्याकडे आकडा तसाच परत येतो, नातं मात्र येत नाही. ते खेळून जोडावं लागतं.

फसलेलंही सांगतो. महिन्याच्या महिन्याला इम्प्लांटच्या (बसवलेल्या यंत्राच्या) देखभालीचा खर्च ठेवला होता. तीन सेशनमध्ये सगळे कंटाळले, कारण नुसत्या वह्या भरणं होतं. आता इम्प्लांट वापरताना फाशावर 1 पडला की ते बिघडतं आणि दुरुस्तीपर्यंत बंद राहतं. हे झकास चालतं, टेकलाही काम मिळतं.

गमावलेल्या अवयवाच्या जागी बसवलेल्या हातापायाला वजावट नाही, हाही आमचा नियम. तो मला मनापासून हवा होता; कृत्रिम हात लावल्याने कुणी कमी माणूस होत नाही. लगेच एकाने ‘माझा हात आधीपासूनच नाही’ म्हणत त्या हातात लपणारी पॉपअप बंदूकही वजावटीशिवाय मागितली. मग ठरलं: हात माफ, त्याच्या 4 स्लॉटमध्ये (जोडणीच्या जागांत) जे घालाल ते मोजायचं.

शून्याखाली गेल्यावरही कॅरेक्टर प्लेयरकडेच राहील, असं कबूल केलंय. हे अजून तपासलं गेलेलं नाही. सोलो सध्या 11 वर आहे, त्याच्या शीटवर एकच नाव उरलंय, आणि त्याला अजून एक इम्प्लांट हवंय.