दहा हजार मायक्रोग्रॅमची थाप

माथेरानला आमची दोन घोडी आहेत, वडिलांपासूनचा धंदा. वर गाड्यांना बंदी, त्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पॉइंटांपर्यंत पर्यटक फिरवायचे आणि त्यावर घर चालवायचं. घोडी चार दिवस ठाणावर उभी राहिली की चार दिवसांची कमाई गेली, वर चंदी चालूच. फसवणाऱ्याला हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

गेल्या दिवाळीत राणीच्या उजव्या पुढच्या खुराला उभी चीर गेली. उतारावर ती गुडघाही चोरायला लागली. तेवढ्यात एकजण स्टँडवर आला. गोड बोलणारा, मोबाइलमध्ये शर्यतीच्या घोड्यांचे फोटो. "दादा, परदेशी फॉर्म्युला आहे. सांधे आणि खूर दोन्ही. एकवीस दिवसांत नवीन खूर." एक किलोचा डबा ३,८०० रुपयांना. रोज एक चमचा, म्हणजे ३० ग्रॅम. डब्यावर लाल अक्षरांत छापलेलं: बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. बायोटिन म्हणजे खुरासाठी देतात ते जीवनसत्त्व. दहा हजार वाचलं आणि मी गार झालो.

चौथ्या दिवशी राणी सरळ चालायला लागली. मी खूश. लगेच आणखी दोन डबे मागवले आणि घोडी पूर्ण हंगाम कामावर ठेवली. जानेवारीत पुढचा डबा यायला आठवडा लागला, तर तिसऱ्या दिवशी ती पाय टेकेना. गुडघा हाताला गरम लागत होता.

मग खालून डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी डबा हातात घेतला, घोडी नंतर. म्हणाले, "हे १०,००० मायक्रोग्रॅम कशात आहेत, वाचलंस का?" बारीक अक्षरांत होतं, प्रति किलो. १०,००० मायक्रोग्रॅम म्हणजे फक्त १० मिलिग्रॅम, तेही आख्ख्या डब्यात. राणीच्या पोटात रोज जात होतं ०.३ मिलिग्रॅम. खुरासाठी बायोटिन द्यायचं तर मोठ्या घोड्याला रोज १५ ते २० मिलिग्रॅम लागतं. आमचं जनावर लहान असलं तरी हा हिशोब कुठेच बसत नाही. शिवाय खूर महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. वरच्या केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत नवा खूर उतरायला नऊ महिने ते वर्ष जातं. एकवीस दिवसांत नवीन खूर म्हणणाऱ्याला मी तिथेच हाकलायला हवं होतं.

डब्यातल्या ग्लुकोसामाइनचं, म्हणजे सांध्यांसाठी देतात त्या घटकाचं, तर प्रमाणच लिहिलेलं नव्हतं, नुसतं "सांध्यांसाठी विशेष मिश्रण". चांगल्या प्रतीचं घेतलं तरी तोंडावाटे दिलेलं ग्लुकोसामाइन घोड्याला कितपत लागू पडतं याचे पुरावे कच्चेच आहेत, असं डॉक्टर म्हणाले. मग चौथ्या दिवशी लंगडणं थांबलं कसं? त्यांना संशय वेदनाशामकाचा, बहुतेक फिनाइलब्युटाझोन. ते स्वस्त असतं. न विचारता महिनोन्‌महिने दिलं तर पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि दुखणं झाकलं गेल्यामुळे जनावर दुखऱ्या गुडघ्यावर ओझं वाहत राहतं. मी पावडर तपासून घेतलेली नाही, म्हणून छातीठोक सांगत नाही. पण ते दोन महिने राणीवर बसलेली माणसं आठवली की घास उतरत नाही.

विक्रेता म्हणाला होता, जास्त झालं तरी अपाय नाही. हेही खोटं. अशा पावडरींत घालतात ते सेलेनियम नावाचं खनिज जास्त झालं तर आयाळ-शेपटीचे केस झडतात, खूरच तडकतात. २००९ साली अमेरिकेत फ्लोरिडात पोलोचे २१ घोडे मेले, ते चुकून दहापट सेलेनियम पडलेल्या टॉनिकच्या इंजेक्शनने.

आता माझी चूक. हंगामात चार पैसे वाचवायला मी नालबंदाला तीन महिने बोलावलंच नव्हतं. खुराचा पुढचा भाग लांबला, त्या ताणाने चीर वाढत गेली. ११,४०० रुपयांच्या डब्यांऐवजी दर पाच-सहा आठवड्यांनी नाल बदलली असती तरी पुष्कळ होतं. चंदीत कोंडाही फार होता. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम कमी, त्याने हाडं पोकळ होतात. तो आता मूठभरावर आणलाय.

राणी अजून हलक्या कामावरच आहे. वरून नवा खूर अंगठ्याएवढा उतरलाय, बिनचिरेचा. हे सगळं लिहायचं कारण वेगळं. परवा एका घोडेवाल्याच्या ठाणावर निळ्या झाकणाचा डबा दिसला. नाव नवीन, चित्रातला घोडा नवीन, आकडा तोच, १०,००० मायक्रोग्रॅम. त्याने नुकताच फोडला होता.