मृत्यूचा संप : उलमानच्या 'अटलांटिसचा सम्राट' या ऑपेराचे ध्वनिमुद्रण

संगीतकार व्हिक्टर उलमान यांचा 'अटलांटिसचा सम्राट' हा ऑपेरा (गाण्यातून उलगडणारे पाश्चात्त्य संगीत नाटक) जेमतेम तासाभराचा आहे आणि त्यात मृत्यू संपावर जातो. नाझी राजवटीने हीन ठरवून दडपलेल्या संगीताची एक मालिका डेक्का कंपनीने १९९० च्या दशकात काढली, तिच्यात १९९४ साली या ऑपेराचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. वाद्यवृंदाचे संचालन लोथार झाग्रोसेक यांचे असून वादक लाइपझिगच्या गेवांटहाउस ऑर्केस्ट्राचे आहेत. पाश्चात्त्य संगीत फारसे न ऐकणाऱ्या मराठी रसिकाला पहिला ऑपेरा कोणता सुचवावा, असा प्रश्न आला की माझ्या मनात हेच ध्वनिमुद्रण येते. थोड्या तयारीची अट मात्र आहे, तिच्याविषयी पुढे लिहितो.

कथा अशी. सम्राट ओव्हरऑल राजवाड्यात कोंडून घेऊन ध्वनिक्षेपकामार्फत राज्य करतो आणि एके दिवशी सर्वांनी सर्वांविरुद्ध युद्ध करावे, असे फर्मान काढतो. मृत्यू हा येथे जुन्या सैन्यातून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या शिपायासारखा आहे. पूर्वीच्या लढायांना काही डौल होता, आता यंत्रांवर स्वार झालेल्या पलटणींमागे धापा टाकत धावणे आपल्याला जमत नाही, अशी त्याची तक्रार आहे. फर्मान ऐकून तो तलवार मोडतो आणि काम थांबवतो. फाशी दिलेला माणूस मरत नाही, जखमी सैनिक तडफडत राहतात, आणि लोक मरणाला भिणारच नसतील तर त्यांच्यावर राज्य कसे करायचे, हा पेच सम्राटापुढे उभा राहतो. शेवटी मृत्यू परत यायला तयार होतो, पण पहिला बळी सम्राटाने स्वतः व्हावे, या अटीवर.

हे सारे १९४३-४४ मध्ये चेक प्रदेशातील तेरेझिन येथे ज्यूंना डांबलेल्या नाझी छावणीत लिहिले गेले. संहिता पेटर कीन या तरुण चित्रकार-कवीची. १९४४ मध्ये तालमी झाल्या, प्रयोग झाला नाही. १६ ऑक्टोबर १९४४ रोजी उलमान आणि कीन या दोघांनाही आउशवित्झच्या मृत्युछावणीत रवाना करण्यात आले आणि दोघांचाही तेथेच अंत झाला. हस्तलिखित मागे राहिले आणि पहिला प्रयोग अ‍ॅमस्टरडॅमला व्हायला १९७५ चा डिसेंबर उजाडला. हा इतिहास कळल्यावर श्रोता आपोआप मवाळ होतो आणि कलाकृतीला सवलतीचे गुण देऊ लागतो. या ऑपेराला तशा सवलतीची गरज नाही. तो बोचरा आहे, ठिकठिकाणी विनोदी आहे, आणि झाग्रोसेक यांनी त्याला शोकसभेची कळा येऊ दिलेली नाही, हे या ध्वनिमुद्रणाचे सर्वांत मोठे यश आहे.

वाद्यमेळ अवघ्या तेरा-चौदा जणांचा. त्यात बँजो आहे, सॅक्सोफोन आहे, हार्पसिकॉर्ड (पियानोचा तारा छेडणारा पूर्वज) आहे आणि हार्मोनियमही आहे. (संगीत नाटकांच्या पायपेटीवर कान तयार झालेल्या आपल्या श्रोत्याला हा एक स्वर तरी परका वाटणार नाही, मात्र येथे ती पदाला साथ देत नाही, वातावरण आणखी गारठवते.) ऑपेरा, नृत्य आणि धर्मसंगीत या तिन्हींना उलमान एका चिमुकल्या मंचावर आणतात आणि प्रत्येकाला वेगळे काम देतात. ऑपेराची सुरुवातच चेक संगीतकार योसेफ सूक यांच्या 'अझराएल' सिंफनीतील (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेतील) मृत्यूच्या सुरावटीने होते. तेरेझिनमधल्या चेक श्रोत्यांना ती ओळखीची असणार. पुढे सम्राटाची फर्माने पुकारणारी ढोलवाली त्याच्या पदव्यांची लांबलचक यादी गाते, तेव्हा जर्मन राष्ट्रगीताची चाल वाकड्या, काळवंडलेल्या स्वरांत ऐकू येते. इरिस फर्मिलियोन यांनी हे गाणे विडंबनाचा चेहरा न करता, पूर्ण निष्ठेने गायले आहे, आणि म्हणूनच ते अंगावर येते.

नृत्याचे भाग ही ध्वनिमुद्रणाची अडचण. दृश्यांच्या मधे येणारी नृत्ये, मरता न येणाऱ्यांचे नाचणे, ही रंगमंचावरील शरीरांसाठी लिहिलेली आहेत. तबकडीवर त्यांची लय पोचते, त्यांतली विटंबना अर्धीच पोचते. त्यातून गेवांटहाउसचे वादक इतके सफाईदार आहेत की जिथे थोडा खडबडीतपणा हवा तिथेही नाद देखणाच येतो. ही तक्रार लहान नाही, पण उपाय प्रत्यक्ष प्रयोग पाहणे हाच.

वाल्टर बेरी यांचा मृत्यू मात्र ऐकावा असाच. कारकिर्दीच्या उत्तरार्धातला त्यांचा आवाज थकलेला आहे आणि तो थकवा भूमिकेत चपखल बसतो. सम्राटाशी होणाऱ्या अखेरच्या संवादात, आपण यातना देणारे नसून यातनांतून सोडवणारे आहोत, हे मृत्यू सांगतो, तेव्हा बेरी आवाज चढवत नाहीत. मिखाएल क्राउस यांचा सम्राट आधी दरडावणारा आणि मग एकदम लहान मुलासारखा होतो. ध्वनिक्षेपकाच्या भूमिकेतील फ्रान्झ माझुरा यांची कोरडी उद्घोषणा विशेष लक्षात राहते.

आणि मग शेवटचे समूहगीत. मार्टिन लूथर यांच्या 'आमचा देव बळकट दुर्ग' या प्रसिद्ध स्तोत्राची चाल उलमान घेतात. शतकानुशतके जर्मन चर्चमध्ये शत्रूविरुद्ध छाती पुढे काढून गायलेल्या या चालीवर येथे चार आवाज मृत्यूला सन्माननीय पाहुणा म्हणून बोलावतात आणि त्याचे थोर नाव व्यर्थ घेऊ नये, अशी आज्ञा आम्हाला शिकव, असे मागतात. बायबलमधील देवाच्या नावाविषयीची आज्ञा येथे मृत्यूच्या नावाला लावलेली आहे. ज्या राजवटीने मरण घाऊक आणि क्षुल्लक करून टाकले, तिला दिलेले हे उत्तर आहे, आणि ते घोषणेने नव्हे, तिच्याच देशाच्या स्तोत्राने दिलेले आहे. याच छावणीत संगीत संचालक राफाएल शेख्टर यांनी ज्यू कैद्यांकडून इटालियन संगीतकार व्हेर्दींचे 'रेक्वियम', म्हणजे मृतांसाठीची कॅथलिक प्रार्थना, गाऊन घेतले होते आणि या ऑपेराच्या तालमीही त्यांनीच घेतल्या होत्या, हे ठाऊक असले की परक्या धर्माच्या संगीताचा हा वापर अधिक उलगडतो. झाग्रोसेक येथे गती ढिली पडू देत नाहीत, त्यामुळे गीत भावविवश होत नाही.

आता तयारीविषयी. संहिता जर्मन आहे आणि अर्थ न कळता ऐकल्यास निम्मा ऑपेरा हातचा जातो, म्हणून इंग्रजी भाषांतर समोर ठेवूनच बसावे. तबकडीवर पुढे उलमान यांचीच जर्मन कवी ह्योल्डरलिनच्या कवितांवरील गीते आहेत, तीही फर्मिलियोन यांच्या आवाजात. गीते उत्तम आहेत, पण स्तोत्र संपताच ती लागोपाठ ऐकू नयेत. तेथे तबकडी थांबवावी आणि ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत.