पत्त्यातून पिन काढणारं मायएसक्यूएलचं ‘सबस्ट्रिंग_इंडेक्स’: कामाचं, पण चूक लपवणारं

नागपुरातल्या दुकानांच्या, कुरिअरच्या याद्यांत अख्खा पत्ता एकाच कॉलममध्ये कोंबलेला असतो: ‘धंतोली, नागपूर, ४४००१२’. तो फोडायला मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सबस्ट्रिंग_इंडेक्ससारखं दुसरं सुटसुटीत फंक्शन नाही. सबस्ट्रिंग_इंडेक्स(पत्ता, ',', १) लिहिलं की पहिल्या स्वल्पविरामाच्या डावीकडची ‘धंतोली’ मिळते. १ च्या जागी -१ टाकलं की शेवटच्या स्वल्पविरामानंतरचा पिन. मधलं ‘नागपूर’ हवं असेल तर आधी २ आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा -१, असं एकात एक घालावं लागतं. पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं स्प्लिट_पार्ट हेच एका झटक्यात करतं.

पिनला पुढून स्पेस चिकटून येते. बाहेरून टोकाच्या स्पेस छाटणारं ट्रिम लावाच, नाहीतर रो गटांत लावणाऱ्या ग्रुप बायमध्ये एकाच पिनचे दोन गट पडतात.

खरी खोट पुढे आहे. स्वल्पविराम सापडलाच नाही तर हे फंक्शन एरर देत नाही, नल (रिकामी किंमत) ही देत नाही. अख्खा मजकूर परत करतं. ‘धरमपेठ नागपूर ४४००१०’ जसाच्या तसा पिनच्या कॉलममध्ये जाऊन बसतो. त्यात आपल्याकडे पत्ता संपला तरी खाणाखुणा संपत नाहीत. ‘धंतोली, नागपूर ४४००१२, यशवंत स्टेडियमजवळ’ या रोचा पिन निघतो ‘यशवंत स्टेडियमजवळ’! म्हणून काढलेला तुकडा सहा अक्षरांचाच आहे ना, हे अक्षरं मोजणाऱ्या कॅर_लेंग्थने तपासा. लेंग्थ वापरू नका. ते बाइट मोजतं, आणि यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचात देवनागरी अंक ३ बाइटचा असल्याने देवनागरीत लिहिलेला पिन १८ भरतो.

पत्ते असे विस्कटलेले असतील तर मायएसक्यूएल आवृत्ती ८ मधलं, नमुन्याशी जुळणारा तुकडा काढणारं रेगएक्सप_सबस्ट्र बरं: ४४० आणि पुढे तीन अंक असा पॅटर्न द्यायचा. दोन्ही टोकांना शब्दाची सीमा बांधा, नाहीतर पत्त्यात घुसलेल्या मोबाइल नंबराचा तुकडाही पिन म्हणून येईल. इंग्रजी अंकांची रेंज देवनागरी अंक पकडत नाही, तेव्हा दोन्ही लिहा.

वेगाचं म्हणाल तर व्हेअरमध्ये, म्हणजे शोधाच्या अटीत, कॉलमवर असं फंक्शन लावलं की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (झटपट शोधासाठीची सूची) वाया जातो. पिन एकदाच काढून वेगळ्या कॉलममध्ये ठेवा, त्यावर इंडेक्स बांधा आणि लाइक '४४०%' ने (४४० ने सुरू होणारे) शोधा. नवा कॉलम नको असेल तर ८.०.१३ पासून फंक्शनवरच इंडेक्स बांधता येतो.